विमान कंपन्यांना मिळणारी न दिसणारी मदत

राष्ट्रीय विमान कंपनीला सरकारी मदत म्हटलं की आपल्याला पैसेच आठवतात. आकडेही तसेच आहेत म्हणा. 2012 मध्ये केंद्राने एअर इंडियासाठी सुमारे 30 हजार कोटींची योजना मंजूर केली. 2021 मध्ये टाटांची 18 हजार कोटींची बोली मान्य झाली. त्यात रोख फक्त 2,700 कोटी, बाकी कर्ज. आणि 46 हजार कोटींहून जास्त देणी राहिली सरकारकडेच.

पण मला जास्त मोठी वाटणारी मदत बजेटमध्ये दिसतच नाही. 1944 च्या शिकागो करारानुसार परदेशी कंपनीला आपल्याकडे नियमित विमानसेवा चालवायला आपल्या सरकारची परवानगी लागते. मग दोन देश बसून ठरवतात, आठवड्याला तुमच्या इतक्या सीट्स, आमच्या तितक्या. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला रेट लिमिट म्हणू. सर्व्हर मोकळा असला तरी तुमची रिक्वेस्ट अडते.

भारत-दुबईसाठी हे लिमिट दोन्ही बाजूंना आठवड्याला सुमारे 66 हजार सीट्स. 2014 मध्ये मोठी वाढ झाली, नंतर अनेक वर्षं काटा जवळपास तिथेच. एमिरेट्सने जास्त मागितल्या, दिल्लीने दिल्या नाहीत.

दिल्लीचं म्हणणं अगदीच चूक नाही हं. एमिरेट्सचे कितीतरी भारतीय प्रवासी दुबईत फक्त विमान बदलतात आणि पुढे लंडन-न्यूयॉर्कला जातात. आपल्या कंपन्यांची लांब पल्ल्याची गिऱ्हाइकं तिकडे जातात. शिवाय एमिरेट्सही सरकारीच. 1985 मध्ये दुबई सरकारच्या 1 कोटी डॉलरवर उभी राहिली, मुंबई तिच्या पहिल्याच ठिकाणांपैकी एक. कोविडमध्ये 2020 साली तिला सरकारकडून 200 कोटी डॉलर मिळाले.

पण रत्नागिरी-रायगडचा माणूस आखातात कामाला जातो, तो काही न्यूयॉर्कला चाललेला नसतो. ईदला, मे महिन्यात सीट्स कमी आणि माणसं जास्त. मग तिकीट भडकतं आणि संरक्षणाचा खर्च त्याच्या खिशातून जातो. आता तर एअर इंडिया खासगी आहे, मग हा आधार नक्की कोणाला?

एकदम सगळं खुलं करा असं मी म्हणत नाही. दरवर्षी थोड्या सीट्स वाढवा. वाढवायच्या नसतील तर का नाही, ते संसदेत आकड्यांसह सांगा. रोख मदत देताना निदान मतदान तरी होत होतं.

तुमचं मत वेगळं असेल तर कळवा, पुढच्या भागात घेऊ.