खरेदीखत की गहाण?



अकोला-अमरावतीच्या कोर्टांत वकिलांच्या कानी वारंवार एक वाक्य पडतं : 'वावर इकलं नोतं साहेब, पैशापायी लेहून देल्लं होतं.' आज त्या वाक्याचा कायद्यातला अर्थ पाहू.

समजा, दर्यापूरकडच्या एका शेतकऱ्याला मृगाच्या तोंडावर दोन लाख हवे आहेत. बँकेचं पीककर्ज थकलेलं, म्हणून तो सावकाराकडे जातो. सावकार म्हणतो, चार एकरांचं खरेदीखत करून दे, पैसे फेडलेस की वावर पलटवून देतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फोटो निघतो, अंगठा लागतो. पलटवून देण्याची बोली मात्र तोंडीच राहते. पुढेही वावर शेतकरीच वाहतो, तूर-पराटी तोच घरी आणतो. जमिनीचे भाव चढले की सावकार खरेदीखत पुढे करतो.

मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 मधला. त्याच्या 58 व्या कलमात 'सशर्त विक्रीचं गहाण' आहे : कागद दिसायला विक्रीचा, व्यवहार कर्जाचा. पण 1929 च्या दुरुस्तीनं बंधन घातलं, की परतीची अट त्याच कागदात हवी. तशी असेल आणि व्यवहार कर्जाचा ठरला, तर 60 व्या कलमानं कर्ज फेडून जमीन सोडवता येते. 'अमक्या तारखेला पैसे नाही दिले तर वावर कायमचं गेलं,' ही अट टिकत नाही. एकदा गहाण ते शेवटपर्यंत गहाण, हे तत्त्व ते हेच. सोडवणुकीच्या दाव्याला मुदत कायदा 30 वर्षं देतो.

आणि बोली तोंडीच असेल तर? नोंदलेल्या कागदातल्या अटी तोंडी पुराव्यानं बदलता येत नाहीत, हा नियम पक्का आहे. पण गंगाबाई विरुद्ध छबुबाई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1981 साली सांगितलं, की कागद नावापुरता होता, खरा व्यवहार वेगळाच होता, हे दाखवायला तोंडी पुरावा चालतो. मग कोर्ट खुणा तपासतं. किंमत बाजारभावाच्या मानानं किती? कब्जा कोणाकडे राहिला? शेतसारा कोणी भरला? व्याज म्हणून पैसे दिले गेले का?

दिवाणी दाव्याखेरीज आणखी एक वाट आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 च्या 18 व्या कलमाखाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. अर्जाच्या तारखेपासून मागच्या 15 वर्षांत सावकारीच्या ओघात गेलेली जमीन चौकशीअंती परत देण्याचा आदेश ते काढू शकतात. खरेदीखत झालं आहे, एवढ्यानं ही चौकशी अडत नाही.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे. पैसे घेताना परतीची अट त्याच कागदात लिहून घ्या. सही करण्याआधी कागद घरातल्या शिकलेल्या मुलीकडून, मुलाकडून मोठ्यानं वाचून घ्या. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागा. फेरफाराची नोटीस आली तर मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. सातबारावर दुसऱ्याचं नाव चढलं म्हणूनही खचू नका : ती महसुली नोंद आहे, मालकीचा शेवटचा निवाडा नव्हे. हक्क कायद्यानं दिलेला आहे. तो मुदतीत मागणं आपल्या हातात आहे.