जमिनीखालचे देणे

(अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इंग्लंडमध्ये डॉनकास्टरजवळ बॉट्री नावाचे एक लहान गाव आहे. २००१ साली तेथील एका घराच्या बागेत जमिनीखाली डांबराने भरलेला खड्डा आढळला. पुढे तपास झाला तेव्हा आसपासच्या घरांच्या आवारांतील मातीही दूषित झाल्याचे दिसून आले. अशी एकूण अकरा घरे होती. त्या जागी एकेकाळी कोळशापासून गॅस तयार करण्याचा कारखाना होता. घरांत राहणाऱ्या कुटुंबांनी रीतसर किंमत मोजून घरे घेतली होती. त्या डांबराशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. अखेर सरकारच्या पर्यावरण यंत्रणेने माती उपसून जागा स्वच्छ केली. त्यासाठी सुमारे ७ लाख पौंड खर्च आला. हा खर्च कोणी सोसावयाचा, हा वाद हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि त्याचा निकाल २००७ साली लागला.

जमिनीची सफाई हा विषय वरवर पाहता रसायनशास्त्राचा व अभियांत्रिकीचा वाटतो. वस्तुतः तो हिशेबाचा आणि मालकीचा विषय आहे. नफा कोणाच्या खात्यावर जमा झाला आणि खर्च कोणाच्या नावे पडला, हे तपासल्यावाचून त्याचा उलगडा होत नाही.

कोळशाच्या गॅसचा उद्योग १८१२ साली लंडनमध्ये सनद मिळालेल्या ‘गॅस लाइट अँड कोक कंपनी’पासून पद्धतशीर सुरू झाला. हवा आत जाऊ न देता बंद भट्टीत दगडी कोळसा तापवावयाचा, निघालेला वायू थंड करून धुवावयाचा, मग त्यातील गंधक व सायनाइड शोषून घेण्यासाठी तो प्रथम चुन्यातून आणि पुढील काळात लोह ऑक्साइडच्या थरांतून सोडावयाचा, अशी ही प्रक्रिया होती. गॅस नळांवाटे शहरात जाई; कोक जळणासाठी विकला जाई. मागे राही ते डांबर, अमोनियायुक्त पाणी, आणि सायनाइडने निळसर झालेला, निकामी ठरलेला शुद्धीकरणाचा माल. डांबरात बेंझीन, फिनॉल, नॅफ्थलीन यांच्याबरोबर बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्ये असतात. १९३३ साली लंडनच्या संशोधकांनी बेंझोपायरीन वेगळे काढले, ते गॅस कारखान्यातील दोन टन डांबरातूनच.

या विषाची पहिली झळ लागली ती अर्थातच कामगारांना. लंडनजवळच्या बेक्टनच्या प्रचंड कारखान्यात भट्टीवर बारा-बारा तास राबणाऱ्या कामगारांनी १८८९ साली विल थॉर्न यांच्या नेतृत्वाखाली संघटना उभारली आणि आठ तासांचा दिवस मिळविला. या संघटनेच्या उभारणीत कार्ल मार्क्स यांच्या कन्या एलिनॉर यांनीही हातभार लावला होता. कामाचे तास कमी झाले, परंतु भट्टीतील धूर तोच राहिला. गॅस कामगारांच्या मृत्यूंचा रिचर्ड डॉल यांनी केलेला अभ्यास १९६५ साली प्रसिद्ध झाला. भट्टीवर काम करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे त्यात दिसून आले. त्याच वर्षी बॉट्रीच्या कारखान्याची जमीन घरबांधणीसाठी विकली गेली.

डांबर हा सदैव कचराच होता असे मात्र नाही. १८५६ साली पर्किन या अठरा वर्षांच्या तरुणाने डांबरातून मिळणाऱ्या ॲनिलिनपासून जांभळा रंग तयार केला आणि डांबराला एकाएकी भाव आला. १८९७ साली जर्मनीत नॅफ्थलीनपासून बनविलेली कृत्रिम नीळ बाजारात आली आणि तिने भारतातील निळीचा धंदा मोडीत काढला. तो तोटा निळवाल्या गोऱ्या मळेवाल्यांनी खंड वाढवून चंपारणच्या रयतेच्या माथी मारला, आणि १९१७ साली गांधीजींना तेथे जावे लागले. या दोन्ही घटनांत एकच सूत्र दिसते. ज्या डांबराला भाव होता ते कारखान्याच्या आवारातून बाहेर पडले. ज्याला भाव नव्हता ते गळत्या टाक्यांतून आणि खड्ड्यांतून जमिनीत मुरले. जमीन ही कारखानदाराला फुकट मिळालेली कचरापेटी ठरली.

आता बॉट्रीचा मालकीचा इतिहास पाहा. १९१२ च्या सुमारास एका खासगी कंपनीने तेथे गॅस करण्यास आरंभ केला. पुढे कारखाना दुसऱ्या खासगी कंपनीकडे गेला. १९४९ साली मजूर पक्षाच्या सरकारने गॅस उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले, तेव्हा हजाराहून अधिक गॅस संस्था बारा विभागीय मंडळांत विलीन झाल्या. बॉट्रीचा कारखाना ईस्ट मिडलंड्स मंडळाकडे आला. याच मंडळाने १९६५ मध्ये ती जमीन विकली. उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायू आल्यावर कोळशाच्या गॅसचे युग संपले. १९८६ साली थॅचर सरकारने ब्रिटिश गॅसचे समभाग बाजारात विकले. त्या खासगी झालेल्या उद्योगाच्या वाटण्या होत होत गॅसवाहिन्यांचा भाग नॅशनल ग्रिड गॅस या कंपनीच्या हाती आला. पर्यावरण यंत्रणेने सफाईचे देयक पाठविले ते या कंपनीला.

ज्याने प्रदूषण घडविले किंवा जाणूनबुजून घडू दिले त्याने ते निस्तरावे, असे इंग्लंडचा कायदा सांगतो. परंतु हा दूषित जमिनीचा कायदा प्रत्यक्ष अमलात आला २००० साली. राष्ट्रीयीकरणाच्या आणि खासगीकरणाच्या कायद्यांनी वारसांकडे सोपविली होती ती हस्तांतराच्या क्षणी अस्तित्वात असलेली देणी. १९४९ मध्ये किंवा १९८६ मध्ये असे देणे कायद्याच्या वहीत नव्हतेच. मग ते वारसाकडे कसे येणार? लॉर्ड्सनी निकाल कंपनीच्या बाजूने दिला. बॉट्रीच्या सफाईचा बोजा सार्वजनिक तिजोरीवरच राहिला.

कायद्याच्या शब्दांकडे पाहिले तर निकालात खोट काढणे कठीण आहे. १९८६ साली समभाग घेणाऱ्या सामान्य माणसाला असले देणे सांगितले गेले नव्हते, यातही तथ्य आहे. परंतु म्हणूनच प्रश्न अधिक गंभीर ठरतो. कारखान्याची मालमत्ता, ग्राहक, नळ आणि नाव हे सर्व वारसाहक्काने पुढे गेले. विष मात्र बेवारस ठरले.

योगायोग असा की, त्याच २००७ साली याच नॅशनल ग्रिड समूहाने अमेरिकेतील एक गॅस कंपनी विकत घेतली. तिच्याबरोबर न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या जुन्या गॅस कारखान्यांचे उत्तरदायित्वही त्याच्याकडे आले. गोवानस कालव्याच्या काठावरील या कारखान्यांचे डांबर कालव्याच्या तळाशी साचले होते. अमेरिकेच्या १९८० च्या ‘सुपरफंड’ कायद्यात दायित्व पूर्वलक्षी आहे. कृत्य घडले तेव्हा ते बेकायदेशीर नव्हते, ही सबब तेथे चालत नाही. २०१० मध्ये कालव्याचा समावेश सुपरफंडच्या यादीत झाला, २०१३ मध्ये ५०.६ कोटी डॉलरची सफाई योजना ठरली आणि २०२० मध्ये गाळ उपसण्यास प्रारंभ झाला. इंग्लंडमध्ये मोकळा सुटलेला तोच समूह अमेरिकेत देणेकरी ठरला. यावरून, जबाबदारी ही निसर्गनियमाने ठरत नसून संसदेत लिहिल्या जाणाऱ्या शब्दांनी ठरते, हे उघड होते.

तथापि अमेरिकेच्या मार्गावर समाधान मानून थांबता येत नाही. तेथील गॅस कंपन्यांना सफाईचा खर्च ग्राहकांच्या देयकांतून वसूल करण्याची मुभा मिळते. म्हणजे पणजोबांच्या काळच्या भागधारकांनी लाभांश घेतला आणि पणतूने स्वयंपाकाच्या गॅसबरोबर त्याचे व्याज भरावे! प्रदूषण करणाऱ्याने भरावे हे तत्त्व कागदावर राहते. प्रत्यक्षात भरतो तो ज्याला टाळता येत नाही तो.

सफाईच्या पद्धतींनाही अर्थकारण आहे. माती उपसून दुसरीकडे नेऊन पुरणे हा सर्वांत सोपा उपाय. पण त्यात एका वस्तीची घाण दुसऱ्या वस्तीच्या वेशीवर जाते, आणि ती दुसरी वस्ती बहुधा गरिबांची असते. माती भट्टीत तापवून विषारी द्रव्ये वेगळी काढता येतात, पण त्यास इंधन आणि पैसा लागतो. सिमेंट मिसळून माती घट्ट करता येते, किंवा भोवती भिंत व वर आच्छादन घालून विष कोंडता येते. तेव्हा ते तेथेच असते, केवळ हलत नाही. जिवाणूंच्या साह्याने डांबराचे विघटन करता येते, पण त्यातील जड संयुगे चिवट असतात. अमेरिकेतील सिॲटल शहरात जुन्या गॅस कारखान्याच्या जागी १९७५ साली याच पद्धतीवर भिस्त ठेवून सुंदर उद्यान उघडले गेले. १९८४ मध्ये मातीत विषारी द्रव्ये आढळल्याने ते काही काळ बंद ठेवावे लागले. शिवाय डांबर पाण्याहून जड असते. ते भूजलाखाली उतरत जाते आणि वरून स्वच्छ दिसणारी जागा खालून स्वच्छ असेलच असे नाही. यांपैकी कोणती पद्धत निवडावयाची हे पुष्कळदा जमिनीचा भाव ठरवितो. जेथे उंच इमारती उभ्या राहणार, तेथे सफाईला पैसा मिळतो. जेथे भाव नाही, तेथे कुंपण घालून फलक लावला जातो.

अर्थशास्त्रात हा विचार नवा नाही. पिगू यांनी १९२० सालीच खासगी आणि सामाजिक खर्चातील तफावत दाखविली होती. १९५० साली कार्ल विल्यम काप यांनी त्याही पुढे जाऊन म्हटले की, ही तफावत अपवादात्मक नाही. न फेडलेले खर्च समाजाच्या अंगावर टाकूनच खासगी उद्योग आपला नफा दाखवितो. पुढे भारताच्या नियोजनाचाही अभ्यास करणाऱ्या काप यांचा हा ग्रंथ आपल्याकडे अधिक वाचला जावयास हवा होता.

परंतु समाजवाद्यांनी येथे स्वतःकडेही पाहिले पाहिजे. बॉट्रीची जमीन विकली ती कोणा भांडवलदाराने नव्हे, राष्ट्रीयीकृत मंडळाने. मालकी समाजाची झाली, हिशेबाची वही मात्र जुनीच राहिली. गॅस स्वस्त देण्याच्या ओघात जमिनीखालचे देणे मोजलेच गेले नाही. सार्वजनिक मालकी आवश्यक असेल, पण ती पुरेशी नाही. उत्पादन चालू असतानाच त्याच्या अखेरच्या सफाईचा खर्च दरवर्षी बाजूला काढून ठेवणे, ही शिस्त मालक कोणीही असला तरी लावावी लागेल.

हा प्रश्न परदेशापुरता नाही. मुंबईतही कोळशाच्या गॅसवर रस्त्यांतील दिवे जळत आणि लालबागचा परिसर गॅस कंपनीच्या नावाने ओळखला जाई. कोलकात्यात ओरिएंटल गॅस कंपनी होती. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली राजस्थानातील बिछडीच्या खटल्यात, प्रदूषण करणाऱ्याने जमीन पूर्ववत करण्याचा खर्चही द्यावा, असे सांगितले. तरीही दूषित स्थळांसाठी स्वतंत्र नियम येण्यास २०२५ साल उजाडले. या नियमांनी संशयित जागांचा शोध आणि तपासणी यांना मुदती घातल्या. प्रत्यक्ष सफाईला मात्र सरसकट मुदत घातली नाही. जबाबदार व्यक्ती अस्तित्वात नसेल किंवा तिची ऐपत नसेल, तर खर्च केंद्र व राज्य सरकारांनी करावयाचा आहे. बॉट्रीचे दार येथेही उघडेच आहे. कंपनी विभागावी, मालमत्ता एकीकडे ठेवावी, देणी दुसरीकडे ढकलावीत, आणि ती दुसरी कंपनी दिवाळखोर व्हावी, एवढे पुरेसे आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपल्या गावी बंद पडणाऱ्या प्रत्येक कारखान्याच्या बाबतीत तीन प्रश्न विचारावेत. जमिनीची तपासणी विक्रीपूर्वी झाली आहे काय? सफाईची रक्कम विक्रीच्या पैशातून आधी वेगळी ठेवली आहे काय? आणि भट्टीवर काम केलेल्या जुन्या कामगारांना कोणी विचारले आहे काय, की कोणता माल कोठे पुरला जाई? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही सरकारी दप्तरात नसते. ते ज्यांच्या स्मरणात आहे, ती माणसे हयात आहेत तोवरच ते लिहून घेतले पाहिजे.