नुसत्या अल्कोहोलचा खळगा



मी पडले सॉफ्टवेअरवाली. वनस्पती आणि जिवाणूंवर बोलायला उभी राहिले म्हणून जीवशास्त्राच्या बाई पहिल्या रांगेत हसताहेत. माझ्या बेडकाच्या आकृत्या त्या विसरलेल्या नाहीत.

कारण घरातलं आहे. तीन वर्षांपूर्वी बाबांच्या पायाला जखम झाली. मधुमेह जुना. मोबाइलवर आलेला मजकूर वाचून त्यांनी बारा दिवस हळद-कडुनिंबाचा लेप लावला. 'प्रयोगशाळेत सिद्ध' असं त्यात लिहिलं होतं. तो मजकूर त्यांना मीच पाठवला होता. पुढे तपासणीत एमआरएसए निघाला, म्हणजे मेथिसिलिन आणि त्याच्या भावकीतल्या बहुतेक औषधांना दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस. पायाचा अंगठा काढावा लागला.

'सिद्ध' म्हणजे काय, ते बघायला मी भाचीच्या प्रयोगशाळेत गेले. ती सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होती. डिशमध्ये अगार, त्यावर हाच जिवाणू पसरलेला, अगारमध्ये ६ मिलिमीटरचे खळगे. एकात तुळशीचा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क, एकात या जिवाणूवर चालणारं औषध, एकात नुसतं अल्कोहोल. डिश रात्रभर उबेत. सकाळी तुळशीभोवती स्वच्छ वर्तुळ! मी फोटोसाठी मोबाइल काढला. "मावशी, थांब. शेजारी बघ." नुसत्या अल्कोहोलभोवतीही जवळजवळ तेवढंच वर्तुळ होतं.

ऑफिसात दुसऱ्याचा कोड मी दहा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. बाबांना तो मजकूर पाठवताना एकही विचारला नव्हता.

आणि वर्तुळ खरं असलं तरी काम संपत नाही. लहान रेणू अगारमध्ये लांब पसरतात, तेलकट रेणू जागीच बसतात. त्यामुळे वर्तुळ मोठं म्हणजे औषध जालीम, असं नाही. म्हणून अर्क दरवेळी निम्मा करत, जिवाणूची वाढ थांबवणारं कमीत कमी प्रमाण शोधतात. व्हँकोमायसिनला साधारण १ ते २ मायक्रोग्रॅम पुरतात. कच्च्या अर्काला कित्येकदा त्याच्या हजारपट लागतं. तेवढं रक्तात पोचणार कसं? हळदीतलं कर्क्युमिन तर स्वतःच चमकतं आणि चाचण्यांना फसवतं.

पण झाडपाला टाकाऊ आहे, असं भाची म्हणत नाही. दारुहळदीत बर्बेरीन असतं. ते जिवाणूत शिरतं, पण जिवाणूचा पंप ते बाहेर फेकतो. २००० साली अमेरिकन संशोधकांनी दाखवलं, की दारुहळदीच्या तिकडच्या काही भाऊबंदांत आणखी एक द्रव्य असतं. ते एकटं जिवाणूला मारत नाही, फक्त पंप अडवतं. मग बर्बेरीन आत टिकतं. हे ऐकताना मला अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

भाची आता अडुळशावर काम करणार आहे. नमुन्याची जात जाणकाराकडून पक्की करून घ्यावी लागते. बाई, शाळेच्या विहिरीमागचा अडुळसा अजून आहे ना? तिला पुढच्या शनिवारी तुमच्याकडे पाठवू का?