निनावी लेखणी आणि चव्हाट्यावरचा न्याय

निनावी पत्र ही गोष्ट आपणांस नवीन नाहीं. पूर्वीं तें टपालानें येई; आतां तें हातांतल्या फोनवर येतें आणि क्षणांत हजारों घरीं पोहोंचतें. त्यांत कोणाचें छायाचित्र असतें, घराचा पत्ता असतो आणि शेवटीं 'यास धडा शिकवा' अशी आज्ञा असते. आज्ञा करणारा मात्र पडद्याआड! अशा वेळीं सुशिक्षित माणसाचें कर्तव्य काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

नांव झांकणें हें मुळांतच पाप, असें मी म्हणत नाहीं. 1848 सालीं भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्रांत 'लोकहितवादी' या टोपणनांवानें पत्रें येऊं लागलीं. लिहिणारे गोपाळ हरि देशमुख सरकारी नोकरींत होते. त्यांनीं समाजाच्या दोषांवर कठोर प्रहार केले. पण कोणा एका गृहस्थाचें घर दाखवून लोकांस तिकडे धाडलें नाहीं. खरें बोलणारा दुबळा आणि ऐकणारा बलिष्ठ असेल, तेथें टोपणनांव ही ढाल होय. त्याच ढालीआडून दुबळ्यावर दगड फेकला, कीं ती ढाल राहत नाहीं.

आतां आपल्या करवीराशीं निगडित असलेला धडा पाहा. छत्रपति चौथे शिवाजीमहाराज यांचा छळ होत आहे, या वार्तेनें 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांचे चालक व्यथित झाले. दिवाण माधवराव बर्वे यांचीं म्हणून कांहीं पत्रें त्यांच्या हातीं आलीं आणि त्यांच्या आधारें त्यांनीं दिवाणांवर आरोप केले. पत्रें बनावट ठरलीं. 1882 च्या जुलैंत टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगांत त्यांनीं 101 दिवस काढले. पुढें 1883 सालीं महाराजांचा अहमदनगर येथें शोचनीय अंत झाला. म्हणजे संपादकांची कळकळ पोकळ नव्हती. पण कळकळ खरी असली म्हणून कागद खरा होत नाहीं. आणि त्या दोघांचें मोठेपण असें कीं, ते आपल्या शब्दांची किंमत मोजावयास उघड्या नांवानें उभे होते. आजच्या निनावी फिर्यादीची किंमत कोण मोजतो? ज्याच्यावर ती येते, तोच.

ती किंमत किती भयंकर असूं शकते, हें 1 जुलै 2018 रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाड्यानें दाखविलें. मुलें पळविणारी टोळी आल्याची अफवा फोनवरून फिरत होती. भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच पुरुष बाजाराच्या दिवशीं तेथें आले आणि संशयावरून जमावानें ग्रामपंचायतीच्या कचेरींत त्यांचे प्राण घेतले. अफवा लिहिणारा तेथें नव्हता.

आपलें शहरहि यांतून सुटलें नाहीं. समाजमाध्यमांवर कांहीं तरुणांनीं ठेवलेल्या मजकुरावरून 7 जून 2023 रोजीं कोल्हापुरांत बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, पोलिसांस लाठीमार करावा लागला आणि इंटरनेट बंद ठेवावें लागलें. मजकूर गुन्हा ठरत असेल, तर त्यासाठीं कायदा आहे. दगडास मात्र अपराधी आणि शेजारी यांतला भेद कळत नाहीं.

कोणी म्हणेल, न्यायालयें मंद आहेत. मग गांजलेल्यानें काय करावें? त्यानें अवश्य बोलावें. तक्रार करणें हा प्रत्येकाचा अधिकार आहे. पण तक्रार निराळी आणि शिक्षा निराळी. तक्रारींत काय घडलें तें सांगावयाचें असतें. आरोपीच्या घराचा पत्ता, त्याच्या मुलांची शाळा, त्याच्या आईचा फोन क्रमांक यांचें तेथें काय काम? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें 24 ऑगस्ट 2017 रोजीं सांगितलें. आणि 17 जुलै 2018 रोजीं, जमावानें कायदा हातीं घेणें राज्यांनीं रोखलेंच पाहिजे, असेंहि बजावलें. परंतु न्यायालयाचा हुकूम स्वयंपाकघरांतल्या फोनपर्यंत पोहोंचण्यापूर्वींच संदेश पुढें गेलेला असतो.

म्हणून, श्रोतेहो, असा संदेश आला असतां स्वतःस तीन प्रश्न विचारावे. हें मला प्रत्यक्ष ठाऊक आहे काय? याखालीं मी स्वतःची सही करीन काय? आणि हें खोटें निघालें, तर झालेली हानि मला भरून देतां येईल काय? एकाहि प्रश्नाचें उत्तर 'नाहीं' असेल, तर तो संदेश आपल्या हातींच थांबवावा. पांच बोटांनीं एवढेंहि न करणें म्हणजे दगडावर आपलाहि हात ठेवणें होय.