वृद्धांच्या खोल्या आणि रिकामी घरे
मुले संसाराला लागून दूर गेली की वृद्धांनी मोठे घर सोडून लहान घरात जावे, असा उपदेश अलीकडे वारंवार ऐकू येतो. गृहटंचाई खरी आहे, म्हणून हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. मात्र ब्रिटनचा अनुभव ध्यानात घ्यावा. तेथे एप्रिल २०१३ पासून सामाजिक गृहयोजनांतील भाडेकरूंचे साहाय्य एक शयनगृह जादा असल्यास भाड्याच्या १४ टक्के, दोन वा अधिक असल्यास २५ टक्के कापले गेले. निवृत्तिवेतनाच्या वयाचे लोक वगळले. पण उरलेल्यांपैकी अनेकांना तयारी असूनही लहान घरेच मिळेनात. दंड आधी, पर्याय मागाहून!

भारतातील शहरांत २०११ च्या जनगणनेत सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. ती सारीच सट्ट्याची नसतील. तथापि कर बसवायचाच तर प्रथम या कुलुपांवर बसवावा, म्हातारीच्या जादा खोलीवर नव्हे. ओळखीचा डॉक्टर, वाणी आणि शेजार हीसुद्धा वृद्धांची मिळकतच असते. म्हणून त्याच वस्तीत, परवडेल अशा दरात लहान घरे शासनाने आधी बांधावीत. जावे की राहावे, हे वृद्धांनी ठरवावे. समाजवाद्यांनी या मागणीसाठी उभे राहिले पाहिजे.