चौघांच्या मोहिमेतली पाचवी

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



ध्रुवप्रदेशातल्या मोहिमा म्हटल्या की दाढीवर बर्फ साचलेले पुरुष आणि त्यांच्या हातातला झेंडा डोळ्यांपुढे येतो. पण त्या थंडीत माणूस जगतो तो अंगावरच्या कपड्यांमुळे. कातडी कमावायची, जनावराच्या स्नायूंपासून काढलेल्या धाग्याने घट्ट शिवायची, हे कसब तिथल्या बायकांचे. १९०९ साली उत्तर ध्रुव गाठल्याचा दावा करणाऱ्या रॉबर्ट पिअरीच्या मोहिमेचे फरचे कपडे ग्रीनलंडच्या इन्युइट बायकांनी शिवले होते. नाव झाले पिअरीचे.

आज मी अशाच एका शिवणारीबद्दल बोलणार आहे. एडा ब्लॅकजॅक. जन्म १८९८, अलास्कातल्या इनुपियात समाजातला. मिशनच्या शाळेत ती लिहा-वाचायला, शिवायला, रांधायला शिकली. शिकार तिला कोणी शिकवली नव्हती. नवऱ्याने टाकले, तीनपैकी दोन मुले गेली. उरलेला बेनेट क्षयाने आजारी. उपचाराला पैसे नाहीत म्हणून त्याला अनाथालयात ठेवावे लागले.

१९२१ साली स्टेफान्सन नावाच्या संशोधकाने सैबेरियाच्या उत्तरेकडील रँगल बेटावर ताबा सांगण्यासाठी मोहीम आखली. स्वतः तो गेला नाही. चार तरुण पाठवले. शिवण आणि स्वयंपाकासाठी एडाला महिना ५० डॉलर कबूल केले. आणखी स्थानिक कुटुंबे बरोबर येतील असे तिला सांगितले होते. ऐनवेळी कोणीच आले नाही. चार परके पुरुष आणि ती एकटी. तरी ती गेली, कारण बेनेट.

शिधा सुमारे सहा महिन्यांचा होता; बाकी शिकारीवर भागेल असा हिशेब. १९२२ मध्ये मदतीला निघालेले जहाज बर्फामुळे पोचू शकले नाही. जानेवारी १९२३ मध्ये तिघेजण मदत आणायला बर्फावरून सैबेरियाकडे निघाले, ते पुन्हा कोणालाही दिसले नाहीत. मागे राहिला स्कर्व्हीने अंथरुणाला खिळलेला लॉर्न नाइट, आणि एडा. तिने सापळे लावले, बंदूक चालवायला शिकली, लाकडे आणली, त्याची सेवा केली. तो मात्र तिला घालूनपाडून बोले. तिने ते आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले. जूनमध्ये तो वारला. त्यानंतर जवळजवळ दोन महिने, मोहिमेबरोबरच्या मांजराखेरीज सोबत नसताना, ती तगली. वाहून आलेली लाकडे आणि कॅनव्हास घेऊन तिने होडीसुद्धा बांधली. ऑगस्ट १९२३ मध्ये सुटकेचे जहाज आले तेव्हा पाचांपैकी ती एकटीच जिवंत होती.

पुढे काय झाले? वर्तमानपत्रांनी तिला नायिका केले. मग तिने नाइटची नीट काळजी घेतली नाही असा आरोपही छापून आला. नाइटच्या आईवडिलांनी तिची बाजू घेतली. ठरलेला पूर्ण पगार तिच्या हाती पडला नाही. जे मिळाले त्यातून तिने बेनेटला उपचारासाठी सिअ‍ॅटलला नेले. मोहिमेवर स्टेफान्सनने पुस्तक लिहिले. एडाचे उरलेले आयुष्य बहुतेक गरिबीतच गेले. १९८३ साली ती वारली.

मी घरकामगार बायकांबरोबर काम करते. माझा पहिला प्रश्न असतो, 'बोली काय ठरली होती?' एडाची हकीगत वाचताना हाच प्रश्न मनात येतो. बोली होती शिवणाची आणि स्वयंपाकाची. करावे लागले शिकाऱ्याचे, परिचारिकेचे, पहारेकऱ्याचे काम. वाढलेल्या कामाचा मोबदला कुणी धरला नाही, आणि दोष द्यायची वेळ आली तेव्हा बोट मात्र तिच्याकडे. तिच्या धाडसाचे कौतुक करणे सोपे आहे. कौतुकाला पैसे पडत नाहीत. धाडस तिने हौसेने केले नाही. आजारी मुलाला उपचार मिळाले असते तर ती त्या बेटावर गेली असती का, हे आपण विचारायला हवे.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. शिबिर, मोर्चा, पदयात्रा यांचा अहवाल लिहाल तेव्हा वक्त्यांबरोबर रांधणाऱ्या, मुले सांभाळणाऱ्या, बॅनर शिवणाऱ्या बायकांची नावे लिहा. त्यांच्या कामाचा मोबदला आधी ठरवा, कागदावर ठरवा आणि वेळेवर द्या. काम वाढले तर पैसेही वाढवा. या शिबिराच्या अहवालापासूनच सुरुवात करू या.