छोट्या रेल्वे इंजिनावरची वाफेची विंच

विंच म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळत ओझे ओढून आणणारे यंत्र. लाकूडतोडीसाठी ती वाफेवर चालवण्याची गरज पडली कॅलिफोर्नियातल्या रेडवुडच्या जंगलांत. तिथले अजस्र ओंडके बैलजोड्यांच्या लांबच लांब रांगा लावून ओढावे लागत. युरेका गावच्या जॉन डॉल्बीर यांनी १८८१ मध्ये त्या कामाला वाफेची विंच जुंपली. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्शुट्झ आणि कँट्रेल यांनी अशी विंच थेट रेल्वे इंजिनावर चढवली. ही इंजिने ‘जिप्सी’ म्हणून ओळखली गेली. एकच इंजिन जंगलातला ओंडका दोराने रुळांपर्यंत खेचून आणी आणि मग लाकडाच्या वाघिणीही ओढून नेई. त्यांपैकी १८८४ आणि १८९२ साली बांधलेली दोन इंजिने युरेकाच्या फोर्ट हंबोल्ट उद्यानात जपून ठेवली आहेत.

यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या स्नातकाने हाताने घडवण्यासारखी गोष्ट शोधायची, तर जिप्सी इंजिनाच्या चालत्या प्रतिकृतीइतकी चांगली गोष्ट क्वचितच सापडेल. कारण आकार लहान केला म्हणून यंत्राचे सगळे गुण सारख्या प्रमाणात लहान होत नाहीत, आणि ही गोष्ट विंचमध्ये लगेच कळून येते. प्रतिकृती मूळ इंजिनाच्या एक अष्टमांश असेल, तर दट्ट्याचे क्षेत्रफळ ६४ पटींनी कमी होते. वजन मात्र ५१२ पटींनी घटते. वाफेचा दाब तोच ठेवला, तर वजनाच्या मानाने दट्ट्याचा जोर आठपट होतो. छोट्या बॉयलरमध्ये दाब सहसा कमी ठेवतात, त्यामुळे हा फायदा पुरा मिळत नाही. तरी बराच उरतो.

आकडे मांडले की हे स्पष्ट होते. १२ मिलिमीटर व्यासाची आणि १६ मिलिमीटर धावेची दोन सिलिंडरे घेतली, दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने वाफ दिली आणि सरासरी परिणामी दाब २ बार धरला, तर क्रँकदांड्यावर सुमारे ०.२३ न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. बारास एक असे गिअर लावले आणि त्यांतली पाचवा हिस्सा शक्ती घर्षणात गेली असे मानले, तर ३० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमवरचा दोर साधारण १५ किलोच्या जोराने ओढला जातो. इंजिन मिनिटाला ३०० फेरे घेत असेल, तर दोर मिनिटाला सव्वादोन मीटरांहून थोडा जास्त आत येतो. चाल संथ आहे, आणि विंचला ती तशीच हवी.

आता हे इंजिन २० किलो वजनाचे आहे असे धरू. पोलादी चाक आणि पोलादी रूळ यांच्यातली पकड वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी असते. म्हणजे चाके पूर्ण जखडली तरी इंजिन चारेक किलोपलीकडे तग धरणार नाही. विंच १५ किलोने ओढू लागली की ओंडका जागीच राहतो आणि इंजिनच त्याच्याकडे घसरत जाते. डॉल्बीर यांच्या धर्तीच्या यंत्रांना जंगलात झाडांच्या बुंध्यांशी बांधून ठेवत, ते याचसाठी. प्रतिकृतीत हे काम रुळाच्या माथ्याला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या पकडीकडे द्यावे लागते. दोरही शक्य तितका खालून बाहेर काढावा; तो उंचावरून ओढला गेला तर मागची चाके उचलली जातात.

दोन सिलिंडरांचे क्रँक एकमेकांशी काटकोनात असलेच पाहिजेत. एकच सिलिंडर असेल आणि दट्ट्या धावेच्या टोकाला थांबला असेल, तर कितीही वाफ सोडली तरी क्रँक हलत नाही. साध्या इंजिनाला हाताने ढकलून सुरू करता येते. विंचला भरल्या ओझ्यासकट सुटायचे असते. तिथे ही सोय नाही.

मूळ जिप्सी इंजिनांत दोर ड्रमवर साठवत नसत. गुळगुळीत फिरकीला त्याचे काही वेढे देत आणि सुटे टोक माणूस हाताने ताणून धरी. घर्षणाचा गुणक ०.२ धरला, तर तीन वेढ्यांवर हातातल्या ताणाच्या चाळीसपटींहून अधिक ओढ पेलली जाते. माणसाने पकड सैल केली की ओझे तिथेच सुटते. प्रतिकृतीत टोक धरणारा माणूस नसतो, म्हणून तिथे ड्रमच बरा. ड्रमला पट्ट्याचा ब्रेक हवा, आणि दातेरी चाकात अडकणारी खुटीही हवी. वाफ बंद केल्यावर ओझे धरून ठेवायला सिलिंडरावर भरवसा ठेवता येत नाही. चाके आणि ड्रम यांना एकाच तरफेने आळीपाळीने जोडावे आणि तरफेच्या मधल्या स्थितीत दोन्ही सुटे राहावेत. दोन्ही एकदम जुळले तर गिअरचे दात तुटू शकतात.

लहान आकाराचा दुसरा परिणाम उष्णतेत दिसतो. सिलिंडराच्या आतल्या जागेच्या मानाने त्याचा पृष्ठभाग फार मोठा पडतो, म्हणून वाफेचे पाणी लवकर होते. विंच थांबत-थांबत चालते, प्रत्येक विश्रांतीत धातू गार होतो आणि हे पाणी वाढत जाते. पाणी दाबले जात नाही. ते दट्ट्या आणि झाकण यांच्यामध्ये सापडले तर झाकण फुटते किंवा दांडा वाकतो. सिलिंडराच्या तळाशी पाणी सोडणाऱ्या तोट्या ठेवणे आणि काम सुरू करण्यापूर्वी त्या उघड्या ठेवून सिलिंडर तापवून घेणे, याला पर्याय नाही.

तांब्याचा, चांदीच्या झाळणाने जोडलेला बॉयलर पहिल्यांदा कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबापर्यंत थंड पाण्याने तपासतात. थंड पाण्यात साठलेली ऊर्जा नगण्य असते. त्यामुळे जोड उसवला तर पाणी फक्त गळते. वाफ भरलेली असताना तोच जोड उसवला तर माणूस भाजतो. सुरक्षा झडप स्वतंत्रपणे, प्रत्यक्ष वाफेवर तपासावी लागते.

या वर्षीच्या स्नातकांपैकी जे कोणी हे यंत्र बांधायला घेतील, त्यांनी आराखड्यात सिलिंडराच्या आधी रुळाची पकड काढावी, आणि बॉयलर पाण्याच्या चाचणीत उतरल्याशिवाय त्याखाली आग पेटवू नये.